घर एक, प्रणाली दोन



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. ज्या लॅपटॉपवर पुढची आवृत्ती चालत नाही, तो मोडीत काढण्यापूर्वी मूळ प्रणालीशेजारी लिनक्स बसवून पाहणे हिताचे ठरते. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी तिचा गाभा रचण्यास आरंभ केला; आपल्या सी-डॅकनेही तिच्यावर आधारित ‘बॉस’ सिद्ध केली.

मात्र नव्याचे स्वागत करताना जुन्याचे रक्षण प्रथम. कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावीत. बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी; ती हरवली तर मालकच स्वतःच्या घराबाहेर राहतो. मग विंडोजच्याच साधनाने पार्टिशन आक्रसून जागा मोकळी करावी. लिनक्स बसवताना विंडोजशेजारी बसवण्याचाच पर्याय निवडावा. संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय घेतल्यास सारे गमावते.

यानंतर लॅपटॉप सुरू होताच ‘ग्रब’ची यादी समोर येते आणि कोणत्या प्रणालीत जायचे ते विचारते. बँकेचे व इंटरनेटवरील व्यवहार लिनक्समधून व्हावेत; विंडोज १० केवळ तिच्यावरच चालणाऱ्या कामांपुरती ठेवावी. जुने टाकून न देता नव्याला जागा करणे, हाच खरा गृहस्थधर्म होय.