तिकिटावरचे पीस

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी एका माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



चित्रकलेच्या ज्या वर्गात आज माझी तिकिटे मांडली आहेत, त्याच्या खिडकीतून पूर्वी बाभळीचे रान दिसे. आता तिथे वाहनतळ आहे. त्या रानात मोर येत. माझ्या संग्रहाची सुरुवात तिथेच झाली आणि खरे सांगायचे तर ती एका अपराधाने झाली. उद्घाटनाला बोलावलेल्या माणसाने असे काही सांगावे की नाही, याचा मी बराच विचार केला; पण साठ वर्षांच्या शाळेला आपल्या मुलांचे गुण ठाऊक असतातच.

१९७५चा पावसाळा. मी आठवीत होतो. वर्गात मोरपिसांचे वेड पसरले होते. पीस वहीत ठेवायचे, पेन्सिलीला टोक करताना पडलेला भुगा त्याला खायला घालायचा, म्हणजे त्याला पिल्ले होतात! हा सिद्धान्त उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी गेलेल्या मुलांनी थेट महाराष्ट्रातून इथवर आणला होता. पावसाळा सरता सरता मोराची पिसे आपोआप गळतात, पण तेवढा धीर कुणाला? एका दुपारी कुंपणाच्या तारेत पिसारा अडकलेला मोर मला दिसला. मी त्याला सोडवले, पण सोडवता सोडवता एक पीस ओढून काढले. तो ज्या आवाजात ओरडला, तो आवाज मी अजून विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या बाईंनी माझी वही उघडली. त्यांनी पिसाचा डोळा पाहिलाच नाही. देठाचे टोक पाहिले. तिथे काळसर रक्त सुकले होते. "हे गळालेलं नाही रे, उपटलेलं आहे," एवढेच त्या म्हणाल्या. मी छडीची वाट पाहत उभा राहिलो. बाईंनी पर्स उघडून एका रजिस्टर पाकिटाचा कोपरा फाडला आणि माझ्यापुढे धरला. "हे घे, आणि ते मला दे. आता याचं पीस काढून दाखव."

कोपऱ्यावर दोन रुपयांचे तिकीट होते. आपल्या टपाल खात्याने २८ एप्रिल १९७५ रोजी पक्ष्यांची चार तिकिटे काढली होती : पंचवीस पैशांवर नवरंग, पन्नास पैशांवर काळ्या डोक्याचा हळद्या, एक रुपयावर पश्चिमी ट्रागोपान आणि दोन रुपयांवर हिमालयातील मोनाल. बाईंनी मला दिला तो मोनाल. हिरवा, निळा, तांबूस, जांभळा. इतके रंग एका पाखराला कशाला हवेत, असे वाटावे.

वडिलांच्या घड्याळदुरुस्तीच्या भिंगातून मी तो पाहिला आणि हिरमुसलो. भिंगाखाली पीस नव्हतेच. नुसते ठिपके होते, शाईचे. पुढे पुष्कळ वर्षांनी खरे पीस सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा योग आला, तेव्हा उलटा अनुभव आला. मधला कणा, कण्यातून फुटलेले तंतू, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू आणि त्यांना एकमेकांत अडकणारे आकडे. पक्षी चोचीने पिसे साफ करतो तेव्हा सुटलेले हे आकडे तो पुन्हा बसवत असतो. जितके जवळ जावे तितके पीस वाढतच जाते. आणि मोनालची ती झळाळी हा काही निव्वळ रंगद्रव्याचा प्रताप नव्हे. पिसातल्या अतिसूक्ष्म थरांवरून परतणाऱ्या प्रकाशाची ती करामत आहे. म्हणून पक्ष्याने मान वळवली की हिरव्याचे निळे होते. तिकीट मात्र कसेही फिरवा, शाई जिथल्या तिथे. नाशिकच्या छापखान्याचा त्यात दोष नाही. जगातल्या कुठल्याही छापखान्याला हे अवघडच.

प्रदर्शनातले दुसरे तिकीट न्यूझीलंडचे आहे. १८९८ साली त्या देशाने आपली पहिली चित्रमय तिकिटे काढली. त्यांतल्या तीन पेन्सच्या तिकिटावर हुइया नावाचे पक्षी आहेत. छपाई कोरीव आणि एकाच रंगाची. भिंगाखाली ठिपक्यांऐवजी केसासारख्या रेघा दिसतात. हुइयाच्या शेपटीत बारा पिसे असत, काळीभोर, आणि टोकाला पांढरी पट्टी. माओरी लोकांत ती थोरामोठ्यांनी केसांत माळायची. १९०१ साली यॉर्कचे ड्यूक, म्हणजे पुढचे राजे पाचवे जॉर्ज, न्यूझीलंडला गेले. रोटोरुआ येथे एका माओरी वाटाड्या स्त्रीने आपल्या केसांतले पीस आदराने काढून त्यांच्या टोपीच्या पट्ट्यात खोवले. मग ते पीस सगळ्यांनाच हवेसे झाले. एकेका पिसाला पौंड-पौंड मिळू लागला. एका टोपीमुळे पाखराची जात संपत नाही, हे खरेच. जंगले तुटत होती, बाहेरून आलेली जनावरे घरट्यांवर पडत होती, संग्रहालयांना पेंढा भरलेले नमुने हवे होते. पण टोपीचाही हात होताच. हुइयाचे शेवटचे खात्रीचे दर्शन २८ डिसेंबर १९०७ रोजी घडले. तिकीट निघाल्याला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

आम्हां संग्राहकांना झोंबणारी गोष्ट पुढेच आहे. ते यॉर्कचे ड्यूक त्या काळचे सर्वांत नामांकित तिकीट-संग्राहक होते. लंडनच्या फिलाटेलिक सोसायटीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे १८९६पासून होते. नाशिकचा छापखाना १९२५ साली उभा राहिला आणि तिथून जी पहिली टपाल तिकिटे बाहेर पडली, त्यांवर छबी याच पाचव्या जॉर्जची होती. तेही तिकीट शेजारी ठेवले आहे. मे २०२४मध्ये ऑकलंडच्या लिलावात हुइयाचे एकच पीस ४६ हजारांहून अधिक न्यूझीलंड डॉलरला गेले. त्या पक्ष्याचे तिकीट मला माझ्या निवृत्तिवेतनात परवडले.

आपण सभ्य माणसे असे करत नाही, असे म्हणण्याची मला सोय नाही. नोकरीत असताना हिमाचलला गेलो होतो. तिथे पुरुषांच्या टोप्यांवर मोनालचा तुरा खोवण्याची जुनी रीत होती. १९८२ साली शिकारबंदी झाली. एका दुकानदाराने फळीखालून रुमालात गुंडाळलेला तुरा काढला. जुना आहे, आजोबांच्या वेळचा आहे, असे तो म्हणाला. मी पाकीट बाहेर काढले, भावही केला. मग सवयीने खिशातले भिंग काढून देठ पाहू लागलो, आणि त्या क्षणी मी पुन्हा आठवीत होतो. मी तुरा घेतला नाही. पण बाईंनी तेव्हा नुसती छडी मारली असती, तर घेतला असता, एवढे नक्की.

हिमाचलने २००७मध्ये मोनालऐवजी पश्चिमी ट्रागोपानला राज्यपक्ष्याचा मान दिला. तिकडे त्याला जुजुराणा म्हणतात, पाखरांचा राजा. साऱ्या पक्ष्यांनी आपले एकेक पीस दिले आणि त्यांतून तो घडला, अशी तिकडची लोककथा आहे. सगळ्यांनी दिले, ओढून कुणाचे घेतले नाही. माझ्या संचातले एक रुपयाचे तिकीट त्याचेच.

बाईंनी ते मोरपीस मला कधीच परत दिले नाही. मीही मागितले नाही. त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी मी त्यांना मोनालचे तिकीट दाखवले. त्यांनी भिंग मागितले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, "निघालं का रे पीस?"

आता प्रदर्शनाविषयी. पहिल्या टेबलावर मोनालच्या तिकिटाशेजारी एक छोटे पीस ठेवले आहे. ते कबुतराच्या मानेचे आहे, आपल्याच व्हरांड्यात परवा पडलेले. शिपाईकाका झाडून टाकणार होते. ते चिमट्याने धरून उजेडात हळूहळू फिरवा. हिरव्याचे जांभळे होते. मुलांना आधी पाहू द्या, पालकांनी मागे उभे राहावे. भिंग दोरीने टेबलाला बांधले आहे, ते तसेच राहू द्यावे. प्रदर्शन सायंकाळी सहापर्यंत खुले आहे.