‘यापुढे पोटगी मागणार नाही’ असं लिहून दिलं, तरी?

भगूर, संसरी, लहवित, नानेगाव या बाजूच्या बचत गटांत हप्त्यांचा हिशेब संपला, वही मिटली, की कुणीतरी हळूच विचारतं, ‘ताई, नवऱ्यानं पैसे देऊन स्टॅम्प पेपरवर सही घेतली. पुढे पोटगी मागणार नाही, असं लिहिलंय. आता माझं काहीच चालणार नाही का?’ आज आम्ही त्या कागदाबद्दलच बोलणार आहोत.

असा कागद कसा होतो, ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन्हीकडची चार माणसं बसतात, एक रक्कम ठरते, नोटरीचा शिक्का बसतो आणि बाईला सांगतात, ‘झाली फारकत.’ पण हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट न्यायालय देतं, नोटरी नाही. काही समाजांत रूढीनं काडीमोड होतो, त्याला कायदा मान देतो. पण वाद झाला तर ती रूढी सिद्ध करावी लागते. एरवी शिक्का बसला तरी तुम्ही कायद्यानं त्याची बायकोच.

आता पोटगी. हा हक्क कायद्यानं दिलाय, नवऱ्यानं नाही. बायको-मुलं उघड्यावर पडू नयेत म्हणून दिलाय. कायद्याचा हेतूच बुडवणारा करार 1872 च्या करार कायद्याच्या कलम 23 प्रमाणे टिकत नाही. मुंबई उच्च न्यायालयापुढे 2004 साली असं एक प्रकरण होतं. घटस्फोट संमतीनं झालेला, आणि बाईनं तडजोडीत पोटगी सोडल्याचं लिहून दिलेलं. तरीही तिला हिंदू विवाह कायद्याच्या कलम 25 खाली अर्ज करता येतो, असं न्यायालयानं ठरवलं. तो कागद तर कोर्टातला होता, मग नोटरीच्या कागदाचं काय घेऊन बसलात!

दुसरा रस्ता दंडाधिकाऱ्यांकडचा. जुनं कलम 125 आता, 1 जुलै 2024 पासून, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 झालंय. ते सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. घटस्फोट संमतीनं झाला म्हणून हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 सालीच सांगितलंय. आणि माहेरी राहत असाल तर अर्ज तिथल्याच न्यायालयात करता येतो.

म्हणून दिसेल तिथं सही करायची का? मुळीच नाही. घेतलेली रक्कम न्यायालय हिशेबात धरतं. लग्न कायम असताना ‘आम्ही राजीखुशीनं वेगळे राहतो’ हे वाक्य कागदात आलं, तर कलम 144 ची पोटगी त्यावरच अडू शकते. ते वाक्य दिसायला किती साधं! आम्हाला सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटते. शिवाय घटस्फोटानंतर बाईनं स्वखुशीनं पोटगी सोडली, तर आधी झालेला आदेश रद्द करायची सोयही कायद्यात आहे. मग ‘स्वखुशी’ होती की दबाव, यावर भांडत बसावं लागतं. मुलांचा खर्च मात्र आईनं लिहून दिला म्हणून सुटत नाही. तो हक्क मुलांचा आहे.

आपल्या कॅम्पात फौजी घरं पुष्कळ. सैनिकाच्या पगारातून बायको-मुलांच्या पोटगीसाठी कपात करता येते, ही तरतूद 1950 च्या सेना कायद्यातच आहे.

एक घोटाळा नेहमी होतो, तोही सांगून ठेवतो. भावाला दिलेलं हक्कसोड पत्र आणि हा कागद एक नव्हे. जमिनीतला हिस्सा तुम्ही नोंदणी करून सोडलात, तर तो परत मिळवणं फार अवघड. तिथं ‘कायदा बघून घेईल’ म्हणून सही करू नका.

सही आधीच झाली असेल, तर कागदाची झेरॉक्स आणि पैसे मिळाल्याची बँकेतली नोंद घेऊन नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आधी फोनवर विचारायचं असेल, तर नंबर आहे 15100. झेरॉक्स नवऱ्याकडे असेल आणि तो देत नसेल, तरी अडून बसू नका. कागदात काय होतं, तारीख कोणती, साक्षीदार कोण, हे आठवेल तसं वहीत लिहा आणि तीच वही घेऊन जा.