पोरांच्या डोक्यातली मालमत्ता

(नांदूरघाट, ता. केज, जि. बीड येथील शेतकरी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या, सोयाबीनच्या भावाबद्दल आपण नेहमी बोलतो. आज वेगळ्या मालाबद्दल बोलायचे आहे. हा माल बाजार समितीत येत नाही, त्याचा काटा होत नाही आणि तो फुकटात जातो. तो माल म्हणजे आपल्या पोरापोरींना सुचलेली युक्ती.

समजा, इथल्या शिवारात पेरणी चालू आहे. आई चाड्यावर मूठ धरून चालली आहे. तिफणीचा एक नळ ओल्या मातीने तुंबतो, कुणाच्या ध्यानात येत नाही आणि उगवण झाल्यावर तासच्या तास मोकळे दिसते. आठवीतली मुलगी हे पाहते आणि बी पडायचे थांबले की घंटी वाजेल अशी पट्टी नळाला बसवते. हे संशोधनच आहे. पण घरी तिला ऐकावे लागते, "गप अभ्यास कर." शाळेत ऐकावे लागते, "हे परीक्षेला नाही." आम्ही कृषीची पदवी घेतली तेव्हा आम्हालाही तिफणीचे भाग पाठ करायला लावले. तिच्यात सुधारणा करून दाखवा, असे कुणी म्हटले नाही.

दादाजींचा धडा

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तिथले दादाजी खोब्रागडे जेमतेम तिसरीपर्यंत शिकलेले, तुटपुंज्या जमिनीचे धनी. १९८३ च्या सुमारास धानाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडल्या, वर्षानुवर्षे वेगळ्या पेरल्या आणि बारीक दाण्याचा नवा वाण तयार केला. त्या काळी एचएमटी घड्याळाचा बोलबाला होता, म्हणून बाजारात त्या वाणाला एचएमटी नाव पडले. पुढे कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही-एचएमटी' नावाने वाण आणला. नावात विद्यापीठ आले, घड्याळ आले. दादाजी आले नाहीत. मानसन्मान मिळाले, पण २०१८ साली ते गेले तेव्हाही हलाखी सुटली नव्हती.

दादाजींनी वाण निवडला तेव्हा आपल्या देशात वाणावर हक्क सांगायला कायदाच नव्हता. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची नोंदणी करता येते. आज कायदा आहे. तरीही आपली पोरे लुटली गेली, तर दोष आपल्या आळसाचा.

आधी अर्ज, मग हारतुरे

यंत्राला पेटंट मिळू शकते. ते नवे हवे, जाणकाराला सहज सुचणारे नसावे आणि उपयोगी असावे. शेतीच्या पद्धतीला मात्र १९७० च्या पेटंट कायद्यात पेटंट नाही. म्हणजे घंटीच्या यंत्रणेसाठी अर्ज करता येईल, "असे पेरा" या सल्ल्यासाठी नाही. शिवाय कायदा पहिल्यांदा कुणाला सुचले हे पाहत बसत नाही. अर्जाची तारीख पाहतो. पेटंट मिळाले तर त्या तारखेपासून २० वर्षे हक्क राहतो.

सर्वांत मोठा घात कौतुकाने होतो. मुलीने काही केले की आपण तिला प्रदर्शनात उभे करतो, पेपरात फोटो देतो, मोबाईलवर फिरवतो. एकदा गोष्ट जगजाहीर झाली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. थोडे अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. सगळा तपशील तयार नसेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पक्की करता येते. पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यावा लागतो.

कुणी विचारेल, शेतकऱ्याने शेतकऱ्यापासून कसली लपवाछपवी? शेजाऱ्याला खुशाल फुकट द्या. पण जे आपल्या नावावर नाही, ते दानही करता येत नाही. आपण द्यायचे ठरवण्याआधीच एखादा कारखानदार ते उचलतो आणि आपल्यालाच विकतो.

गावाने काय करायचे

पहिले, वही. प्रत्येक युक्तीची तारीख, आकृती आणि फसलेले प्रयोगही वहीत लिहा. दोघांच्या सह्या घ्या. वही म्हणजे पेटंट नव्हे, पण युक्ती कुणाची याचा पुरावा आहे.

दुसरे, हत्यार. गावातल्या लोहाराने, वेल्डिंगवाल्याने रविवारी दोन तास पोरांना द्यावेत, आपण भंगार द्यावे. पुणे जिल्ह्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत मागे पडलेली मुलेही तिथे हाताने काम करीत शिकली.

तिसरे, पैसा. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत सहावीपासूनच्या मुलांच्या कल्पना शाळेमार्फत पाठवता येतात. निवड झाली तर नमुना बनवायला १०,००० रुपये मिळतात. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान निवडक कल्पनांना संशोधकाच्याच नावाने पेटंट घ्यायला मदत करते. गुरुजींना विचारा, आपल्या शाळेतून किती कल्पना गेल्या?

चौथे, नाव. मूल अज्ञान असेल तर पालक सही करतील, पण संशोधक म्हणून नाव मुलाचेच लागले पाहिजे. सरांचे नको, पुढाऱ्याचे नको, बापाचेही नको.

पेटंट मिळाले म्हणजे पैसा आला असे नाही. ते बनवणारा, विकणारा शोधावा लागतो, नक्कल करणाऱ्याशी भांडावे लागते. ते भांडण एकट्या पोरीला झेपणार नाही. त्यासाठीच संघटना असते.

जिल्ह्याच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने ठरावाबरोबर पोरांची एक वही आणावी. ठराव नंतर वाचू. आधी वही उघडू.