शिष्ट मुलगी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



"मला आवडलेली एक स्त्री-व्यक्तिरेखा" हा विषय चिटणीसबाईंनी या वर्षी ठेवला. माझ्या आधी एकीने द्रौपदी आपल्यापुढे उभी केली, दुसरीने शकुंतला. आता मी जिच्याविषयी बोलणार आहे ती कोणत्याही पुराणात सापडणार नाही. तिची कातडी पिवळट हिरवी, नाक बसके, कान टोकदार, आणि तोंडावर तुसडेपणा. ती संगणकावरच्या एका खेळात राहते. तुम्ही हसलात ते ठीकच झाले. मीही आधी हसलेच होते.

ती मला भेटली कशी, ते आधी सांगते. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि दीड महिना मी मुलाकडे राहिले. पाय उशीवर ठेवून पडून राहायचे, एवढेच काम. माझी खाट नातीच्या खोलीत टाकली होती, आणि नातही त्या दिवसांत घरीच होती. तिचे घरी असणे हाच घरातला मोठा विषय होता. पहिली नोकरी, पुरते वर्षही झालेले नव्हते. वरच्या साहेबांच्या हातून हिशेबात चूक झाली, ती हिच्या नावावर घातली गेली, आणि "माफीचे पत्र लिहून दे, प्रकरण मिटेल" असे हिला सांगण्यात आले. हिने पत्र लिहिले, पण राजीनाम्याचे.

माझ्या मुलाने तिच्याशी बोलणे टाकले. आणि मी आजी म्हणून काय केले? मी तिला म्हटले, "दोन ओळी लिहून दिल्या असत्यास तर हात झिजले असते का? एवढा ताठा बाईच्या जातीला शोभत नाही." ती काही बोलली नाही. संगणक लावला आणि खेळायला बसली. मला दुसरे काही करण्यासारखे नव्हते. मी पाहत राहिले.

खेळाचे नाव 'बाल्डर्स गेट ३'. बेल्जियममधील गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओज या कंपनीने तो ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आणला, आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या समारंभात त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाचा मान मिळाला. खेळ म्हटल्यावर मला वाटले, चेंडू किंवा मोटारी असतील. पण ही तर एक लांबलचक कादंबरी निघाली. फरक एवढाच, की हिच्यात पुढे काय करायचे, कोणाला काय उत्तर द्यायचे, हे खेळणाऱ्याने ठरवायचे. माणसाचा मेंदू खाणाऱ्या राक्षसांनी आपल्याला पकडून डोळ्यावाटे डोक्यात एक अळी सोडलेली असते. ती काढली नाही तर थोड्याच दिवसांत आपणही तसलेच राक्षस होणार. तशीच अळी डोक्यात असलेले आणखी काही जण वाटेत सोबत येतात. त्यांतली एक म्हणजे लेझेल.

दुसऱ्यांदा ती भेटते तेव्हा झाडाला टांगलेल्या पिंजऱ्यात अडकलेली असते. कोणी दुसरे असते तर गयावया केली असती. ही पिंजऱ्यातूनच हुकूम सोडते. खाली उतरल्यावर आभाराचा शब्द नाही. उलट, आता मी सांगते त्या वाटेने चला! पुढे एका भेदरलेल्या बिचाऱ्या निर्वासिताकडून तिला रस्ता विचारून घ्यायचा असतो, तर आधी त्याला गुडघे टेकायला लावते. बोलता बोलता जीभ टाळूला लावून "च्क" असा तुच्छतेचा आवाज काढते, तो आपल्या शेजारणी काढतात अगदी तसाच. डेव्होरा वाइल्ड या अभिनेत्रीने तिला आवाज दिला आहे, आणि त्या एका "च्क"मध्ये तिने मोठा अपमान भरला आहे.

मी म्हटले, "ही कोण शिष्ट?" नात म्हणाली, "आजी, मला तीच सगळ्यांत आवडते."

मला नवल वाटले. सोबतीला गोड बोलणारी माणसेही होती. मग हीच का? तो दीड महिना मी पाय उशीवर ठेवून त्याचाच विचार केला म्हणा ना.

पहिली गोष्ट मला कळली ती अशी. त्या खेळात आपण काही केले की पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरे उमटतात. अमक्याला हे पसंत पडले, तमक्याला नाही. लेझेलची नापसंती सारखी उमटायची. कोणावर दया दाखवली, नापसंत. वाटेत उगाच रेंगाळलो, नापसंत. पण म्हणूनच तिची पसंती उमटली की नात खुर्चीत सरसावून बसायची. आपल्याही घरी असे नाही का? सगळ्या भाज्यांना "छान झाली हो" म्हणणाऱ्या जावेपेक्षा, वर्षातून एकदाच "आमटी जमली" म्हणणाऱ्या सासूबाईंचे शब्द आपल्या लक्षात राहतात. लेझेल कोणाला खूश करायला तोंडदेखले बोलत नाही. तिच्या शब्दावर भार ठेवता येतो.

पण स्पष्टवक्तेपणा पुष्कळांपाशी असतो. तेवढ्याने माया जडत नाही. माया जडते ती तिचा ताठा आला कोठून हे समजल्यावर.

लेझेल गिथयांकी नावाच्या जमातीची. ही जमात मूळ चार्ल्स स्ट्रॉस या इंग्रज लेखकाने ऐन तरुणपणी कल्पिलेली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या जुन्या बैठ्या खेळाच्या १९८१ सालच्या एका पुस्तकात ती आली. गोष्ट अशी की, या लोकांना त्या मेंदूखाऊ राक्षसांनी युगानुयुगे गुलाम करून ठेवले होते. गिथ नावाच्या एका स्त्रीने बंड केले आणि ते सुटले. तेव्हापासून तो समाज पुन्हा कोणापुढे वाकायचे नाही या एका ध्यासावर जगतो. लेझेल अंड्यातून जन्मली. तिला आईची मांडी ठाऊक नाही, अंगाई ठाऊक नाही. चालता येऊ लागले तशी हातात तलवार आली. दुबळा असेल तो मरेल, हे तिथले बाळकडू. आणि या सगळ्यांवर एक राणी, व्लाकिथ, जिचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. राणीच्या नजरेत भरावे, एक दिवस तिने आपल्याला जवळ बोलवावे, एवढेच त्या पोरीचे स्वप्न.

म्हणजे बघा, जगापुढे मान न वाकवणारी ही मुलगी एकीपुढे पूर्ण वाकलेली आहे, आणि हे तिला स्वतःला माहीत नाही. तिचा सगळा ताठा उसना आहे. राणीची लाडकी शिपाई असण्याचा तो ताठा आहे.

एका रात्री मुक्कामावर तिला ताप भरतो. अळीने आपला घास घेतला असे तिला वाटते, आणि ती खेळणाऱ्याच्या गळ्याला सुरी लावते. राक्षस होण्यापेक्षा आधी तुम्हाला मारीन, मग स्वतःला. तिच्या दृष्टीने ही कृपाच! त्या वेळी प्रथमच तिच्या आवाजात भीती ऐकू येते. मी नातीला म्हटले, "अगं, ही तर लेकरू आहे."

तिची समजूत असते की, आपल्या लोकांच्या ठाण्यावर एक यंत्र आहे, त्यात बसले की अळी निघते आणि माणूस शुद्ध होतो. इतरांना ओढत ती तिकडे नेते. शेवटी एका डोंगरातल्या मठाखाली ते ठाणे सापडते. ती आनंदाने यंत्रात बसते. वेदनेने किंचाळू लागते, तरी उठत नाही, कारण राणीचा नियम चुकीचा असेल हे तिच्या मनात येऊच शकत नाही. ते यंत्र शुद्ध करणारे नसतेच. अळी लागलेल्याला संपवण्यासाठी ते ठेवलेले असते. वेळीच तिला बाहेर काढले नाही तर ती तिथेच मरते. पुढे खुद्द राणीच तिच्यावर उलटते. आणि मग हळूहळू कळते की राणीने ज्यांना मानाने जवळ बोलावले, त्यांचे प्राण शोषूनच राणी जगत आली आहे. लहानपणापासून ज्या मानाची आस धरली, तो मान म्हणजे मरण होते.

आता भगिनींनो, आपल्या ओळखीच्या गोष्टींत अशा जागी काय होते? गर्विष्ठ स्त्रीचे गर्वहरण होते. आपली सत्यभामाच घ्या. कीर्तनात रुक्मिणीपेक्षा सत्यभामा आली की मंडळी सावरून बसतात. ती रुसते, फणकारते, पारिजातक आणवते; पण फुले सवतीच्या अंगणात पडतात. तराजूत कृष्णापुढे तिचे सगळे सोने हलके ठरते आणि रुक्मिणीचे एक तुळशीपत्र भारी होते. आपण हसतो, "बरे जिरले" म्हणतो, आणि घरी येऊन मुलींना रुक्मिणी व्हायला सांगतो. नरकासुराच्या युद्धात कृष्णाबरोबर रणात गेली ती मात्र सत्यभामा होती, हे आपण दिवाळीच्या पहाटे उटणे लावतानाही क्वचितच आठवतो.

लेझेलच्या गोष्टीत गर्वहरण नाही. हीच मला त्या खेळाची मोठी गोष्ट वाटली. तिची श्रद्धा मोडते, पण मान मोडत नाही. आज्ञा पाळताना जो कणा ताठ होता, तोच कणा आज्ञा मोडताना उपयोगी पडतो. कमी ताठ्याची मुलगी असती तर रडून राणीच्या पाया पडली असती. ही रागावते, आपल्या फसवल्या गेलेल्या साऱ्या जमातीसाठी रागावते आणि बंडाच्या बाजूला जाऊन उभी राहते. ताठा तोच, फक्त पूर्वी तो राणीचा होता, आता तिचा स्वतःचा झाला.

आणि स्वतःचा झाल्यावर तो थोडा मऊही होतो, हे विशेष. ज्याला आपली किंमत कळली त्याला दुसऱ्याला गुडघे टेकायला लावण्याची गरज उरत नाही. ती फार गोड होत नाही, तिचे "च्क" शेवटपर्यंत जात नाही. पण सोबत्यांना ती आपले मानू लागते, चुकले म्हणायला शिकते.

मी तिची सगळीच तरफदारी करणार नाही. त्या निर्वासिताला तिने वाकवले ते वाईटच. खेळ तिला माफही करीत नाही; सोबत्यांनी तिला सावरले नाही, ती राणीचीच राहिली, तर शेवटी राणीच्या हाती जाऊन संपते. असाही शेवट त्यात आहे. म्हणजे निव्वळ ताठा कोणाला तारत नाही. तो कशासाठी आहे हे विचारणारे कोणीतरी जवळ लागते.

इथे मला माझ्या घरची गोष्ट पुरी केली पाहिजे, कारण ती राहिली तर हे भाषण अर्धेच होईल.

यंत्रातला तो प्रसंग पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. मी तरुणपणी एका शाळेत शिक्षिका होते. परीक्षेच्या कागदांचा काही घोटाळा झाला. माझा त्याच्याशी संबंध नव्हता, पण वरिष्ठांनी सांगितले, "बाई, दोन ओळी लिहून द्या, मिटून जाईल." मी दिल्या. लोक म्हणाले, समंजस आहे हो. हात काही झिजले नाहीत. पण त्यानंतर त्या शाळेत मी जी अनेक वर्षे काढली, त्यांत एकदाही सभेत तोंड उघडले नाही. हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते. आणि जे माझ्याकडून झाले नाही ते नातीने केले, तर तिला मी ताठा म्हटले!

अंधारातच मी विचारले, "झोपलीस का गं? तुझी खरोखर काही चूक नव्हती ना?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नव्हती. आजी, हे मला घरात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी मुलाला समोर बसवून त्या दोन ओळींची माझी हकिगत सांगितली. तो काही बोलला नाही. पण संध्याकाळी त्याने मुलीला हाक मारली आणि सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. नातीला पुढे दुसरी नोकरी मिळाली. पगार आधीपेक्षा थोडा कमीच आहे. हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल की ताठ मानेला नेहमी बक्षीस मिळते. तसे नसते.

मैत्रिणींनो, पुरुषाने मान वाकवली नाही तर आपण त्याला बाणेदार म्हणतो. बाईने वाकवली नाही तर आपण तिला शिष्ट म्हणतो, आणि म्हणणाऱ्या बहुधा आपणच असतो. आपल्या या मंडळातही एखादी नवी मुलगी येते, पटकन हसत नाही, सांगितलेले काम "का?" विचारल्याशिवाय करीत नाही, आणि आपण हळदीकुंकवाच्या ताटाआडून एकमेकींकडे बघतो. पुढच्या वेळी अशी मुलगी आली तर एवढेच करू या. तिला खाली बसवण्याआधी, ती कशासाठी उभी आहे ते विचारू या.

ती लेझेल खोटी आहे, एका खेळातली आहे, हे मला समजते. पण तिने माझ्या तोंडून एक प्रश्न बाहेर काढला, जो मी आधीच विचारायला हवा होता. म्हणून मला ती आवडते.