रोप लावायचे पैसे आणि पाणी घालायचे पैसे
(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात, फहाहील येथे केलेले भाषण)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. शेतीशी संबंध म्हणाल तर बाल्कनीतल्या कढीपत्त्यापुरता! तरीही यंदाचा मदतनिधी महाराष्ट्रातल्या शहरी वस्त्यांमधल्या आणि शाळांमधल्या परसबागांना द्यावा, असं मला वाटतं. का, ते थोडक्यात सांगतो.

आपण जमियात जातो तेव्हा भाजी समोर रचलेलीच असते. काही भारतातून आलेली, काही जॉर्डनची, थोडी इथल्याच वफ्रा आणि अब्दलीच्या शेतांवरची. खिशात पैसे असले की ५० अंशांच्या उन्हाळ्यातही हिरवीगार मेथी मिळते. आणि पैसे नसले, तर नाशिकच्या मळ्यांपासून काही तासांवर असलेल्या मुंबईतही ती ताटात येत नाही. म्हणजे प्रश्न भाजी पिकण्याचा कमी आणि पोचण्याचा जास्त आहे.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं. २०२३ पासून ते मोफत आहे. चांगलीच गोष्ट आहे. पण रेशनवर पालक मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, रोज माणशी किमान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं पोटात जावीत. पाच माणसांच्या घराला रोज दोन किलो! भाव चढले की रोजंदारीवरच्या घरात पहिली काट बसते ती यालाच.

यावर आपल्या माणसांनी काम केलेलं आहे. गणिताचे शिक्षक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी प्रयोग परिवारातून थोड्या जागेत, पालापाचोळा वापरून भरपूर पिकवायची पद्धत घराघरांत नेली. त्याच वाटेने प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. स्वयंपाकघरातला ओला कचरा गच्चीवरच जिरवला, त्याची माती झाली आणि सिमेंटवर भाज्या-फळं आली. परदेशात पाहायचं तर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्यूबाची आयात आटली, तेव्हा हवाना शहराने मोकळ्या प्लॉटांवर भाजी पिकवून वेळ निभावली.

पण एक स्पष्ट सांगतो. एक गच्ची अख्खी वस्ती पोसणार नाही. गहू-तांदूळ तिथे होत नाहीत. होतं ते माठ, पालक, मेथी, शेवगा, लिंबू, कढीपत्ता. शाळेच्या खिचडीत रोज मूठभर पाला पडला, तरी मुलांच्या ताटात फरक पडतो. म्हणूनच केंद्र सरकारने २०१९ मध्ये शाळांच्या पोषण बागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

मग अडतं कुठे? उद्घाटनानंतर! वाफे, कुंड्या, बोर्ड, फोटो, यासाठी देणगीदार मिळतात. मे महिन्यात शाळा बंद असते. तेव्हा पाणी कोण घालणार? आपण जुलैत सुट्टीवर जाताना शेजाऱ्यांकडे किल्ली देतो, "वहिनी, तेवढं झाडांचं बघा हं" म्हणून. शाळेच्या बागेला अशी वहिनी नसते. आमच्या धंद्यात सगळे जाणतात की सॉफ्टवेअर बनवण्यापेक्षा ते वर्षानुवर्षं चालू ठेवायला जास्त खर्च येतो. बागेचंही तसंच आहे. पण देणगीच्या पावतीवर हा खर्च कुणाला दिसत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे. दहा बागा एका वर्षासाठी नकोत; तीनच घेऊ, पण तीन वर्षांसाठी. निधीचा लहान भाग उभारणीला आणि मोठा भाग पाणी, बियाणं आणि रोज येणाऱ्या एका माणसाच्या पगाराला. हे काम वस्तीतल्याच बचत गटातल्या ताईंना मिळालं तर उत्तम, म्हणजे दोन घरं सावरतील. उद्घाटनाच्या फोटोऐवजी दर तीन महिन्यांनी किती किलो भाजी निघाली, किती मुलांच्या ताटात गेली, एवढा हिशेब मागू.

प्रत्येक कुटुंबाने महिन्याला एक दिनार, तीन वर्षं. इथे दोघांचा चहा-नाश्ता होतो तेवढ्यात. एकरकमी देणाऱ्यांचे आभार आहेतच, पण दर महिन्याला न चुकता देणारे जास्त हवे आहेत. फॉर्म बाहेरच्या टेबलावर ठेवले आहेत. जेवायला जाण्याआधी भरून जा, ही आग्रहाची विनंती.

जय हिंद, जय महाराष्ट्र!