सलग शतकं आणि मधली पावणेतीन वर्षं



कसोटीतल्या सलग शतकांचा विषय आमच्या माझगावात निघाला, की पहिलं नाव येतं एव्हर्टन वीक्सचं. वेस्ट इंडीजच्या या गड्याने 1948-49 मध्ये ओळीने पाच डावांत पाच शतकं काढली. किंग्स्टनला 141, दिल्लीत 128, आपल्या मुंबईच्या ब्रेबर्नवर 194 आणि कलकत्त्याला दोन्ही डावांत 162 आणि 101. मद्रासला सहावंही झालंच असतं, पण 90 वर धावबाद झाला. त्याच्या पुढे अजून कुणी गेलेलं नाही.

पण मला बोलायचंय ते त्याच भारत-वेस्ट इंडीज मालिकेतल्या आपल्या माणसाबद्दल. सांगलीचे विजय हजारे.

फेब्रुवारी 1949, शेवटची कसोटी, मैदान ब्रेबर्न. भारताला जिंकायला 361 हव्या होत्या. त्या काळी आपण एकही कसोटी जिंकलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. हजाऱ्यांनी 122 केल्या, रुसी मोदींनी 86. शेवटी धावफलकावर 8 बाद 355. दत्तू फडकर अजून खेळतच होते, आणि षटक पुरं होण्याआधीच पंचांनी बेल्स उचलल्या. सहा धावा! जुने लोक अजून त्या षटकाचा हिशेब मागतात.

त्यानंतर भारताच्या वाट्याला पावणेतीन वर्षं अधिकृत कसोटीच आली नाही. कॉमनवेल्थ संघ येऊन खेळून गेले, पण त्या धावा कसोटीच्या खात्यात जमा होत नाहीत. हजारे तेहतिसाचे छत्तीस झाले. नोव्हेंबर 1951 मध्ये दिल्लीला इंग्लंड समोर आलं तेव्हा ते कप्तान होते, कप्तान म्हणून पहिलीच कसोटी. नाबाद 164. पुढच्या महिन्यात पुन्हा ब्रेबर्न, आणि 155. सलग तीन डाव, तीन शतकं.

हात बसलेला असला की फलंदाजाला चेंडू मोठा दिसतो म्हणतात. वीक्सला तसा दिसत असणार. पाचातली चार शतकं त्याने दोन महिन्यांत केली. हजाऱ्यांच्या बाबतीत पहिल्या शतकाची लय दुसऱ्यापर्यंत कशी टिकणार? दुसऱ्याला नव्यानेच सुरुवात. असा आणखी एकच दाखला मला आठवतो, दक्षिण आफ्रिकेच्या अॅलन मेलव्हिलचा. दरबानला 1939 साली शतक, मग महायुद्ध, आणि 1947 मध्ये इंग्लंडात लागोपाठ आणखी तीन.

म्हणून हजाऱ्यांची तीन शतकं मला सगळ्यांत मोठी वाटतात, पण आमच्याकडचे तरुण हे मानत नाहीत. ते विनोद कांबळीचं नाव काढतात: 1993 मध्ये वानखेडेवर 224, दिल्लीत 227, कोलंबोत 125, ओळीने तीन डाव आणि तिन्ही वेळा समोर वेगळा देश. थोडे वयस्क गावस्करांचं काढतात. 1971 च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात नाबाद 117, 124 आणि 220. द्रविडची तर चार आहेत, आणि चौथं वानखेडेवरच, 2002 साली. शंभर झाल्या आणि पायात गोळे आले म्हणून परतला.

ही सगळी मोठीच. तरी माझं मत हजाऱ्यांना. ज्यांना पटत नाही त्यांनी वाद घालायला खुशाल यावं.