माळ्यावरचा रुमाल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला विषय दिलाय ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संशोधन’. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधला निम्मा वाटा प्रथिनांची रचना ओळखणारं ‘अल्फाफोल्ड’ घडवणाऱ्या हासाबिस आणि जम्पर यांना मिळाला, हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मी आमच्या माळ्यावरची गोष्ट सांगतो.

तिथं आजोबांचा एक रुमाल होता. खिशातला नव्हे, कागद बांधायचा. आत सगळं मोडी. आधी ओळभर रेघ ओढायची, मग बोरू न उचलता अक्षरं तिला टांगत जायची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. (बाई, मोडीत माझे गुण कापले गेले नसते!) आपल्या कोल्हापूरच्या पुरालेखागारात असले कागद ढिगानं आहेत, वाचणारे थोडे.

रुरकीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२५ मध्ये शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन अशा दोन हजारांवर मोडी कागदांची छायाचित्रं, तज्ज्ञांनी केलेल्या देवनागरी लिप्यंतरासह, एकत्र केली आणि त्यावर यंत्राला वाचायला शिकवलं. हे वाचून मला हुरूप आला. पुतण्यानं दुसऱ्याच एका ॲपमध्ये आमच्या कागदाचा फोटो टाकला.

आता घरची गोष्ट. पाणंदीकडचं रान आजोबांनी लाटलं, असं चुलत घर म्हणतं. दोन पिढ्या बोलणं नाही. ॲपनं झरझर लिहून दिलं: रान खरेदी दिले. मला केवढा आनंद! फोटो चुलत भावाला पाठवणारच होतो. पण आधी गल्लीतल्या एका जुन्या मोडी वाचकांना दाखवला. त्यांनी भिंग लावलं आणि म्हणाले, “अहो, ‘रान’ आहे, ‘दिले’ आहे. मधला शब्द वाळवीनं खाल्लाय. खरेदी असेल, नाहीतर गहाण. तुमच्या यंत्राला भोकातलं कसं दिसलं?”

दिसलं नव्हतं. अशा ठिकाणी पुढं बहुधा काय असतं, ते यंत्रानं भरलं होतं. अल्फाफोल्ड निदान आपल्या उत्तराच्या कुठल्या भागावर किती भरवसा ठेवावा, याचा आकडा सोबत देतं. आमच्या ॲपनं तेवढंही केलं नाही.

फोटो मी पाठवला, पण भोकासकट, आणि वाचकांचं म्हणणं खाली लिहून. तीन दिवसांनी भावाचा फोन आला. त्यांच्याकडंही एक रुमाल आहे म्हणे.

आमचा मी आज सोबत आणलाय. जेवणानंतर बघायला या. तेवढे तांबड्या रश्श्याचे हात धुऊन या.